मोटारीला बसवलेला पक्ष

कळंब,
मार्गशीर्षातला पहिला रविवार

तीर्थस्वरूप रामहरी मामांच्या चरणी,

गोरोबाचा साष्टांग नमस्कार. (शास्त्रानं अंगं आठ मोजलेली आहेत. त्यातले दोन्ही गुडघे गेल्या पावसाळ्यापासून वाकायला तयार नाहीत, तेव्हा हा नमस्कार तूर्त सहा अंगांचा समजावा. उरलेली दोन बरी झाली की समक्ष येऊन पुरवणी घालीन.) मामींची कंबर, तुमची नवी कवळी आणि गोठ्यातली कपिला या तिघी आपापल्या जागी सुखरूप असतील अशी आशा आहे. इकडं आम्ही सगळे ठीक आहोत. शाळेत संस्कृत घेणारी मुलं यंदा नऊ आहेत, म्हणजे नवरत्नं पुरी झाली. पैकी आठ जणांनी चित्रकलेच्या वर्गात जागा नव्हती म्हणून संस्कृत घेतलंय, नववा त्यांचा मित्र आहे.

तुमचं पत्र काल दुपारी हाती आलं. नळदुर्गाहून निघाल्यापासून तिसऱ्या दिवशी! उभी हयात टपालात काढून साऱ्या जिल्ह्याचे मामा झालेल्या माणसाचं पत्र कसं असावं ते त्यावरून शिकावं. पत्ता पिनकोडासकट, तिकीट काटकोनात, आणि आतला मजकूर अवघा पाच ओळींचा, खाली फोनांच्या तारखा-वेळांची नोंद. त्या पाच ओळी मी तीनदा वाचल्या, कारण पहिल्या दोन वेळा माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही. त्यांचा आशय असा, की तुमचे पुतणे चि. रणधीर आणि आमची भाची चि. अर्पिता यांच्या सोयरिकीची बोलणी संपली असं आम्ही समजावं. कारण तुम्ही बायोडाट्यावरच्या नंबरावर तीनदा फोन केलात. तिन्ही वेळा एका बाईनं ‘मोटार चालू करण्यासाठी एक दाबा’ असं सांगितलं. मुलीकडची माणसं आपल्याला न्यायला गाडी पाठवतायत, हल्ली अशीही सोय निघाली असेल, असं समजून तुम्ही तिन्ही वेळा एक दाबलंत, कोट-टोपी चढवून ओट्यावर बसलात, आणि मोटार आली नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘ज्या घरची मोटार दिल्या शब्दाला जागत नाही, त्या घरची लेक आम्ही कोणत्या भरवशावर करावी?’ मामा, वाक्य निर्दोष आहे. संबंधी सर्वनामाचं इतकं नेमकं उदाहरण मला एकवीस वर्षांच्या नोकरीत सापडलेलं नव्हतं. ते आमच्याविरुद्ध सापडलं, एवढंच वाईट वाटलं.

‘यापुढं त्या नंबरावर बोट ठेवणार नाही’ असंही तुम्ही शपथेवर लिहिलंय. तुमचा नंबर आमच्यापैकी कोणाकडंच नाही, म्हणून उत्तर पत्रानंच देतो. काहीही न लपवता, घडलं त्या क्रमानं सांगतो. वाचून झाल्यावर हसायचं की सोयरीक मोडायची हे तुमच्या हाती. फक्त मोडायची असेल तर शेवटपर्यंत वाचून मोडावी.

आधी त्या बाईविषयी. तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा दीपमालेनं (माझी धाकटी बहीण, अर्पिताची आई) ‘एका बाईनं’ या शब्दाशी मला थांबवलं आणि नवऱ्याकडं एकदाच पाहिलं. तेव्हा तातडीनं खुलासा करतो: ही बाई आमच्या घरची नाही, गावची नाही, किंबहुना ती कुठलीच नाही. ती एका डबीत राहते. आमच्याकडं विहीर एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला आणि लाईट येणार तिच्या मर्जीनं. म्हणून शेतकऱ्यांनी विहिरीच्या मोटारीला मोबाईलवाला स्टार्टर लावून घेतलेला असतो. त्यात एक सिम घालायचं. घरून त्या नंबरावर फोन लावला की आत भरून ठेवलेला बाईचा आवाज सांगतो, मोटार चालू करण्यासाठी एक दाबा, बंद करण्यासाठी दोन. एक दाबलं की तिकडं पाणी सुरू. म्हणजे बाई म्हणत होती ती मोटार पाण्याची. तुम्ही वाट पाहिलीत ती मोटार चाकाची. एका शब्दाला दोन अर्थ असले की काव्यात त्याला श्लेष म्हणतात. व्यवहारात त्यापायी माणूस चार-चार तास कोट घालून ओट्यावर बसतो.

आता विहिरीवरची ही बाई बायोडाट्यावरच्या नंबरावर कशी आली, ते. त्यासाठी बलभीमदाजींपासून सुरुवात करायला हवी. दाजी म्हणजे अर्पिताचे वडील. ढोकीच्या अलीकडं त्यांचा ऊस आहे. माणूस अंगानं नावाप्रमाणं आणि आवाजानं नावापेक्षा थोडा जास्त. दिवाळीत त्यांनी एक जुनी, लांब डिकीची पांढरी मोटार घेतली, कारण लेकीची बोलणी सुरू व्हायची होती आणि ‘सोयऱ्याच्या दारात ट्रॅक्टर घेऊन जायचं का?’ हा त्यांचा सवाल होता. इथवर ठीक होतं. पुढं एके दिवशी त्यांनी मोबाईलवर परदेशातली एक गाडी पाहिली. तिच्या डिकीवर एक आडवा पंख होता, आणि तो बटण दाबताच आपोआप वर उठत होता. दाजींनी ते चित्र मला एका बैठकीत सहा वेळा दाखवलं.

मी या पंखाची माहिती काढली. (माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, शब्द कळल्याशिवाय मला वस्तू कळत नाही.) गाडी तुफान वेगात निघाली की ती जमिनीवरून उचलली जाऊ नये म्हणून हा पंख वाऱ्याला अडवून तिला खाली दाबून धरतो. पाखरांना पंख वर जायला दिले आणि माणसानं तेच उलटे लावून स्वतःला खाली दाबायला घेतले, हे मानवी प्रगतीचं एकंदर सारच म्हणायचं. मी दाजींना म्हटलं, दाजी, आपला रस्ता ढोकी ते कळंब. हंगाम उसाचा. पुढं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मध्ये बैलगाड्या. तुमची गाडी पंचविसाच्या पुढं कधी गेलीय का, की ती उडेल अशी भीती वाटावी?

दाजी म्हणाले, “सर, तुमाला न्हाय कळायचं. पाव्हणे गाडीजवळ आले, की पंख असा हळूच उठला पाह्यजे. रामराम घातल्यागत. रामहरी मामा म्हंजे काय साधा माणूस हाय व्हय?”

मामा, हे वाक्य मी जसंच्या तसं दिलंय, कारण सगळ्या प्रकरणाचं मूळ ते आहे. हा पंख वेगासाठी नव्हताच. तो तुमच्या स्वागतासाठी होता.

पंख घडवायचं काम ढोकीच्या सिद्रामप्पांकडं गेलं. सिद्रामप्पा उसाच्या ट्रॉल्या बनवतात. मूळचे अक्कलकोटाकडचे, बोलणं मोजकं, वेल्डिंग अमोजकं. दाजींनी मोबाईलवर पंख दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन तो नीट पाहिला आणि विचारलं, “किती टनाचा करू?” आजवर त्यांच्याकडं आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांचा हाच पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर काहीही आलं तरी ते आपल्या मनाप्रमाणं करतात. पंख तयार झाला तो दोन माणसांनी उचलायचा. डिकीच्या दोन बाजूंना दोन पाय वेल्ड करून तो वर बसवला, तेव्हा गाडी मागून खाली बसली आणि पुढून उठली. त्या दिवसापासून तिचे दिवे रस्त्याऐवजी चिंचेवरच्या बगळ्यांवर पडतात.

पंखाच्या मागच्या बाजूला काहीतरी लिहायचं ठरलं. ट्रॉल्या रंगवणाऱ्यानं दोन टोकांना दोन कमळं काढून मध्ये ‘सुस्वागतम्’ लिहायला घेतलं, तेवढ्यात दुर्दैवानं मी तिथं पोहोचलो. मी सांगितलं, की स्वागत या शब्दात ‘सु’ आधीच आलेला आहे. त्याला आणखी एक सु लावणं म्हणजे टोपीवर टोपी घालणं. रंगारी म्हणाला, “सर, आजवर दीडशे कमानी रंगविल्या, एकाही पाव्हण्यानं सु मोजला न्हाय.” तरी माझ्या आग्रहाखातर पहिला सु पुसला. पंखावर आता शुद्ध ‘स्वागतम्’ आहे आणि त्याच्या डावीकडं एक पांढरा डाग आहे. (पुढं जे घडलं ते सगळं त्या पुसलेल्या सुमुळं घडलं असं दीपमालेचं मत आहे.)

पंख उचलायला मोटार हवी. पूर्वी गच्च्यांवर टीव्हीच्या कढईएवढ्या डिश असायच्या, त्यांना फिरवणारी दांड्याची मोटार कळंबच्या भंगारात मिळाली. ती फार सावकाश चालते. पंख उठायला लागला की एखाद्या आजोबांनी जेवणाच्या पाटावरून उठावं तसं कण्हत, पाऊण मिनिटात उठतो. मोटारीला मोटार बसली. आता तिला हुकूम कसा द्यायचा? तर दाजींना हुकमाची एकच रीत ठाऊक, विहिरीची. जुन्या विहिरीचं पाणी आटल्यापासून तिथला मोबाईल स्टार्टर रिकामाच होता. तो आणला. जोडणी अर्पितानं केली. (बायोडाट्यात ‘इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा’ लिहिलंय ते खोटं नाही. धाराशिवला पंपाच्या पॅनलच्या दुकानात ती नोकरी करते आणि दुकानदार तिला विचारल्याशिवाय डबी उघडत नाही.) स्टार्टर तिनं डिकीच्या आत, पाऊस-धुळीपासून सुरक्षित अशा कोपऱ्यात घट्ट बसवला. सिम मात्र दाजींनी दिलं. त्यांच्याकडं दोन नंबर आहेत. “हा दुसरा घे,” ते म्हणाले, “ह्या नंबरवर मला कुणाचाच फोन येत न्हाय.”

मामा, बायोडाट्यावर छापलेला नंबर तोच.

तो दिवस गुरुवार. सकाळचे अकरा. अर्पितानं डिकी लावली आणि बजावून सांगितलं, “बाबा, सिम नवीन घातलंय. आता पहिला फोन तुमीच लावा. पहिला फोन ज्याचा येईल त्यालाच ते मालक समजतंय, मग दुसऱ्या कुणाचं ऐकत न्हाय.” दाजींनी मोबाईल हातात घेतला. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, नारळ फोडलेला नाही. आता आपल्यात विहीर असो, बैल असो, सुईदोरा असो, नारळाशिवाय सुरुवात नाही. दाजी नारळ आणायला घरात गेले. नारळ सापडला, पण शेंडी सोललेली. मग दुसरा शोधला. या नारळाच्या अवधीत, मामा, नळदुर्गात तुम्ही फोन लावलात.

दाजींनी दगडावर नारळ आपटला आणि त्याच क्षणी पंख कण्हत उठायला लागला. दीपमाला म्हणाली, “अहो, फोन लावलाच न्हाय की तुमी.” दाजी म्हणाले, “लावायच्या आधीच कळलं त्याला. लई हुशार हाय!” अर्पिता ‘बाबा, हे बरोबर न्हाय’ असं काहीतरी म्हणत होती, पण वधूपित्याच्या आनंदात वधूचं म्हणणं ऐकून घ्यायची आपल्याकडं रीत नाही. तिला चहा ठेवायला पाठवलं, आणि संध्याकाळी ती धाराशिवला निघून गेली. पंख तीन वाजता आपला आपण खाली बसला. त्याचं कारण तुमच्या पत्रावरून आत्ता कळतंय. चार तास वाट पाहून, आता उगाच मोटारीला हेलपाटा नको म्हणून तुम्ही पुन्हा फोन करून भलेपणानं दोन दाबलंत.

त्यानंतर दाजींनी फोन लावला की बाई म्हणायची, आपला नंबर नोंदलेला नाही. दाजी तिला समजावून सांगायचे, “अगं बाई, म्या मालक हाय! गाडी माझी, सिम माझं!” ती म्हणायची, आपला नंबर नोंदलेला नाही. दीपमाला चुलीपुढून म्हणाली, “जाऊ द्या. उभ्या तालुक्यात एक तरी बाई निघाली तुमचं न ऐकणारी.” पण हे अर्पिताला कळवायचं नाही अशी सक्त ताकीद मिळाली. प्रश्न यंत्राचा राहिला नव्हता, मालकीचा झाला होता.

रविवारी मी त्यांच्या गाडीतून कळंबहून ढोकीकडं चाललो होतो. साडेबाराला पंख रस्त्यातच उठला. मागून एक टेम्पो आणि दोन जीपगाड्या येत होत्या. परांड्याकडचं वऱ्हाड होतं ते. त्यांना लग्नघरच्यांनी सांगितलं होतं, रस्त्यावर स्वागताला गाडी उभी असेल, तिच्या मागोमाग या. त्यांच्या डोळ्यांपुढं एका गाडीच्या पाठीतून ‘स्वागतम्’ उगवलं, दोन्हीकडं कमळं. त्यांनी अविश्वास का दाखवावा? आम्ही वळलो तिथं ते वळले, आम्ही बांधाबांधानं गेलो तसे ते आले, आणि दाजींच्या अंगणात चौतीस माणसं उतरली. हरणाबाई नावाच्या एक आजी पुढं होत्या. त्यांनी पदर सावरून विचारलं, “नवरी कुठाय?”

दाजी म्हणाले, “धाराशिवला.”

“आन् लगीन?”

“ठरायचंय अजून.”

“मग आमाला कशाला बोलवलं रं बाबा?”

दाजींनी पंखाकडं बोट दाखवलं. दीपमाला तोवर दारात आली होती. तिनं माणसं मोजली, पिठल्याचं पातेलं बदललं आणि शेजारणीला भाकरी थापायला हाक मारली. ‘भुकेली माणसं दारातून पाठवायची का?’ एवढंच ती म्हणाली. मंडळी जेवली, खऱ्या लग्नघरी फोन झाले, तिथं अक्षता पडून गेल्या होत्या पण पंगत शिल्लक होती. साडेचारला वऱ्हाड निघालं तेव्हाच पंख हळूहळू खाली वाकला. हरणाबाई टेम्पोत चढता चढता म्हणाल्या, “बघा, गाडी बी पाया पडायली. पोरीचं ठरलं की कळवा, रस्ता आता बघितलाय.” (मामा, त्याही दिवशी तुम्ही साडेबारापासून साडेचारपर्यंत कोटात होतात. तुम्ही उपाशी बसलात आणि तुमच्या वतीनं चौतीस जण जेवले. पुण्याचा वाटा तुमच्याकडं यायला हरकत नाही.)

मग दाजींनी विचार केला, मामांचा फोन येत नाही, तर आपणच नळदुर्गाला जावं. बुधवार धरला. मी रजा टाकली. अर्पिताची मूळ पत्रिका, तुमच्यासाठी टोपी-उपरणं आणि कुंथलगिरीचे दोन किलो खव्याचे पेढे डिकीत ठेवले. येरमाळ्याला येडेश्वरीच्या पाया पडून पुढं जायचं असं ठरलं. दर्शन घेऊन आम्ही खाली आलो तेव्हा दहा वाजले होते, आणि पंख उभा होता. एवढंच नव्हे, फुलं विकणाऱ्या धुरपदाबाईंनी त्यावर चौदा हार टांगले होते. दाजी ओरडले तर त्या शांतपणे म्हणाल्या, “मला वाटलं देवस्थाननं फळी लावली. उंचीला लई बरं हाय.” दोन हार तेवढ्यात त्यावरून विकलेही गेले.

हार काढले, पण डिकी उघडेना. पंख उभा असला की डिकीचं झाकण त्याला अडतं, हे तोवर कोणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं. सिद्रामप्पांनी मापं गाडीची घेतली होती, डिकी उघडण्याची नाही. पत्रिका आत, पेढे आत, टोपी आत. मी म्हटलं, तसेच जाऊ, मामा आपलेच आहेत. दाजी म्हणाले, “पत्रिकेबिगर, पेढ्याबिगर? आन् पाठीवर हे असं उभं घेऊन?” आम्ही परत फिरलो. चौकात हवालदारांनी गाडी थांबवली, मागं जाऊन मजकूर वाचला आणि विचारलं, “कुणाचं?” सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पंखावर एकदा काठी वाजवून पाहिली. मग आठ दिवसांत हे उतरवून दाखवा म्हणाले आणि सोडलं. त्याच वेळी, मामा, तुम्ही तिसऱ्यांदा एक दाबून कोटात बसला होतात. आणि दुपारी, तुमच्याच शब्दांत, ‘दोन दाबण्याचं सौजन्य आता मीही दाखवणार नाही’ असं ठरवून तुम्ही पत्र लिहायला घेतलंत. तेव्हापासून पंख उभा तो उभाच आहे.

उतरवायचे सगळे उपाय करून झाले. मागचं सीट काढलं, तर पलीकडं सलग पत्रा. बॅटरीची तार काढली, तर पंख आहे तिथं अढळ. सिद्रामप्पांना बोलावलं. त्यांनी वेल्डिंगवरून प्रेमानं हात फिरवला आणि म्हणाले, “गाडी कापता येईल, सर. हे नाही.” त्यावर दाजींनीच विषय बंद केला. पंख तोडला तर मामांचं स्वागत कशानं करू, हा त्यांचा सवाल. आणि स्वागताला मामा उरलेत कुठं, असं विचारायची छाती आमच्यापैकी कोणाची झाली नाही. काल तुमचं पत्र आल्यापासून ते अंगणात त्या पंखाशेजारी खाट टाकून बसून आहेत. जेवतात, पण भांडत नाहीत. दीपमालेला याचीच जास्त काळजी वाटते.

काल अर्पिता आली. तिनं तुमचं पत्र आणि आमच्या तारखा शेजारी ठेवल्या. गुरुवार अकरा, रविवार साडेबारा, बुधवार दहा. तुम्ही एक दाबलंत तेव्हा पंख उठला. तुम्ही दोन दाबलंत तेव्हा बसला. तुम्ही काहीच केलं नाहीत तेव्हा काहीच झालं नाही. याला आमच्या न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात आणि मुलांना तो समजावायला मला दोन तास लागतात. तिनं चहा पिता पिता सिद्ध केला. स्टार्टरनं पहिल्या फोनाचा धनी मालक मानला, आणि तो पहिला फोन तुमचा. तेव्हापासून ती बाई उभ्या महाराष्ट्रात एकट्या तुमचंच ऐकते.

संस्कृतात पंखाला पक्ष म्हणतात. वधूपक्षानं पक्ष बसवला आणि तो वरपक्षाच्या आज्ञेत गेला. लग्नाआधीच इतकं आज्ञाधारक घराणं तुम्हाला दुसरं मिळेल असं मला वाटत नाही. (सध्या तो पक्ष वर आहे, म्हणजे व्याकरणानंही तो वरपक्षच.)

अर्पिताला मी विचारलं, की मामांनी बोलणी मोडली, तुझं काय म्हणणं? ती पत्र पुन्हा वाचून म्हणाली, “मामा, त्यांनी बाईनं सांगितलं म्हणून एक दाबलं, कोट घालून चार तास बसले, आन् वर परत गाडीला त्रास नको म्हणून दोन दाबलं. तेबी दोनदा! असल्या घरात जायला माझी काय हरकत न्हाय. सांगितलेलं ऐकतात.” मग जरा थांबून, “त्यांचा पुतण्या बी ऐकत असंल का?” असं तिनं विचारलं. याचं उत्तर तुमच्याकडं असेल तर कळवावं.

असो. तुमचा राग रास्त होता, आमची मोटार निर्दोष होती, आणि दोष द्यायचाच तर तो एका नारळाकडं जातो. मामींना नमस्कार, रणधीरला आशीर्वाद. निर्णय सर्वस्वी तुमचा. आमची कसलीच मागणी नाही.

तुमचा आज्ञांकित,
गोरोबा

ता. क. मागणी नाही असं वर लिहिलं, ते शिष्टाचाराला धरून. एक आहे. शपथ मोडायला सांगत नाही. ‘त्या नंबरावर बोट ठेवणार नाही’ असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा अंगठा ठेवायला शास्त्राची आडकाठी दिसत नाही. त्याच फोनवरून, त्याच नंबरावर एकदा फोन लावून, कृपया दोन दाबावं. स्टार्टर डिकीत आहे आणि डिकी पंखाखाली. त्यामुळं मालकी बदलायची तरी आधी तुम्हीच दोन दाबायला हवं. मुलीची पत्रिकाही तिथंच आहे. ती बाहेर यावी की नाही, एवढंच आता तुमच्या अंगठ्यावर आहे.

ता. क. दुसरा. काहीही लपवणार नाही असं म्हटलं होतं, पण एक राहिलं. बायोडाटा मी छापून घेतला. त्यावर नंबर माझा द्यायचं ठरलं होतं. सकाळची शाळा सुटली की दुपारी एक ते चार मी डाव्या कुशीवर असतो आणि स्थळांचे फोन नेमके त्याच वेळी येतात असं ऐकलं होतं, म्हणून दाजींचा दुसरा नंबर घातला. नारळाला दिलेला दोष मागं घेतो. दीपमालेला हे अजून माहीत नाही, आणि ती तुम्हाला फोन करील असं वाटत नाही, कारण तिच्याकडंही तुमचा नंबर नाही.

ता. क. तिसरा, अर्पिताच्या सांगण्यावरून. दोन दाबल्यावर बाई ‘धन्यवाद’ म्हणेल. तिला उत्तर दिलं नाही तरी चालतं. त्यानंतर मात्र कोट-टोपी घालून ओट्यावर बसावं. पंख बसला की पत्रिका हातात घेऊन आम्ही निघतो, ढोकीहून अडीच-तीन तास. या खेपेला मोटार खरंच येईल. ती दारात उभी राहिली, की दाजींसाठी तेवढं एकदा एक दाबावं. त्यांची फार इच्छा आहे. फक्त आधी आम्हाला डिकीतून पेढे काढून घेऊ द्यावेत. ते अर्थात नवे घेतलेले असतील.